एस्तेरबाईंची गॅलरी

एस्तेरबाई शनिवारी खडूला हात लावत नसत, आणि आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत.

शनिवारी शाळा सकाळची असे आणि सातवीच्या एका तुकडीला नेमका त्याच दिवशी चित्रकलेचा तास. त्यांच्या धर्मात शनिवारी लिहायचं नाही, साधी रेघसुद्धा ओढायची नाही. दर जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणत, "थळकर मॅडम, यंदा तुमचा शनिवार नक्की काढतो." आणि नवं वेळापत्रक भिंतीवर लागलं की शनिवार होता तिथेच. बाई त्या कागदासमोर उभ्या राहत, चष्मा कपाळावर चढवत, पुन्हा खाली घेत आणि म्हणत, "हात टेकले बाई मी या माणसापुढे." मग शनिवारी वर्गात जाऊन हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. "मी सांगते. तुम्ही काढा."

मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवत असे. आमच्या मूल गावातल्या त्या जुन्या शाळेत दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती, त्यामुळे बाईंचा तास मला सगळा ऐकू येई. त्या दर वेळी एकच इमारत सांगत. मुंबईतल्या ज्या गल्लीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या गल्लीच्या टोकाचं सिनेगॉग. ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ.

"समोर दगडी पायऱ्या. पायऱ्या चढलात की मोठं दार, दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी डबी. तिला बोटं लावायची आणि ओठांना लावायची. आत आलात? आता वर बघा. छताला काचेच्या हंड्या टांगल्यात. मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा. त्याला आम्ही तेवा म्हणतो. तिथे उभं राहून प्रार्थना चालवतात, आणि चहूबाजूंनी बाकं, त्यांची तोंडं चौथऱ्याकडे. पश्चिमेच्या भिंतीत एक उंच कपाट, त्याला मखमलीचा पडदा. कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या, आमचा ग्रंथ. आणि तीन बाजूंनी वर गॅलरी. बारीक लाकडी खांबांची. ती बायकांची."

ललिता मडावी नावाची एक मुलगी होती, कुरखेड्याकडची, वसतिगृहात राहायची. तिनं एकदा विचारलं, "मॅडम, देव कुठी काढू?"

"देव काढायचा नाही. तिथे मूर्ती नसते, चित्र नसतं."

"मंग लोकं पाह्यतेत कोनाकडं?"

"पश्चिमेकडे. जेरुसलेम पश्चिमेला आहे."

सगळ्या वर्गानं म्हणे पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिमेला खिडकी होती आणि खिडकीत राइस मिलचं धुराडं. त्या दिवसापासून सातवीच्या पोरांच्या चित्रांत मखमलीच्या पडद्यामागे धुराडं दिसू लागलं. कुणी सिनेगॉगवर कवेलूंचं छप्पर चढवलं, कुणी दारात मोहाचं झाड लावलं. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज यायचा, "अरे, मोहाचं झाड नाही तिथे! तिथे ट्रॅफिक आहे! पुन्हा काढा."

उंच, सडपातळ, सुती पातळ, डोक्यावर घट्ट अंबाडा, कोपरात अडकवलेली काळी पर्स. चालणं असं, की नुकतीच बस चुकलीय आणि चूक ड्रायव्हरची आहे. त्या चिडक्या होत्या, हे शाळेत सगळेच सांगत. मी त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसले. त्या उगाच चिडत नसत, एवढं मी सांगू शकते.

त्यांची निम्मी चीड तर आपण कोण आहोत हे सांगण्यात खर्ची पडे. नवा शिक्षक आला की विचारी, "थळकर मॅडम म्हणजे ख्रिश्चन ना?"

"नाही. ज्यू. बेने इस्राएल."

"म्हणजे ख्रिश्चनांतलेच?"

बाई दीर्घ श्वास घेत. "चला. पहिल्यापासून सांगते." मग कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेली माणसं, त्यांनी धरलेला तेलाचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणातले लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आमचे शिपाई वैरागडेभाऊ हे ऐकून उभ्याउभ्या खुलले.

"तेली? मंग तुमी आमच्यातल्याच की जी! एरंडेल का तराने?"

"शनवार, भाऊ. शनवार."

"हे पोटजात आपल्याकडं नाई आयकली. नागपूरकडं असन." आणि त्या दिवसापासून वैरागडेभाऊ त्यांना स्वतःच्या नात्यातली बाई समजून वागले. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बाईंचा भाजीपाला घरपोच जाई. बाईंनी त्यांना चारपाचदा समजावून पाहिलं आणि मग सोडून दिलं. "एक माणूस तरी आपलं म्हणतोय ना," त्या मला म्हणाल्या. "राहू दे."

त्यांचे यजमान हसकेलसाहेब वनखात्यात होते, आलापल्लीला. मुंबईचा माणूस जंगलात रमला आणि बदली होऊनही परत जायला तयार होईना. निवृत्तीआधी त्यांनी मूलला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्या घरात पुरते राहायच्या आतच गेले. मुलगा अशेर इस्राएलला. तो दर आठवड्याला फोनवर म्हणे, "आई, ये इकडे." बाई फोन ठेवून माझ्याकडे बघत. "तिथे सगळेच ज्यू आहेत. तिथे माझ्या एकटीनं काय अडलंय? इथलं बंद पडलं तर?"

इथलं म्हणजे मूलचं नव्हे. इथलं म्हणजे ते गल्लीच्या टोकाचं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरी काचेच्या पेल्यात जवसाच्या तेलाची वात लागे. कधी काही बरं घडलं, कुणी आजारातून उठलं, की मलिदा करत. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, बेदाणे, वर फळं. धानाच्या गावात पोह्यांना तोटा नव्हता, पण ओला नारळ म्हणून जो बाजारात मिळे तो फोडला की खवट निघे. दर मलिद्याला एक तरी नारळ अंगणात भिरकावला जायचा. "साधा नारळ धड मिळू नये माणसाला!" असं म्हणत त्या प्रार्थनेला बसत, आणि प्रार्थना मात्र अगदी हळू, गोड आवाजात म्हणत. म्हणून झाली की पुन्हा नारळवाल्याकडे वळत.

दर वर्षी सणांसाठी रजा काढून त्या मुंबईला जात आणि जाताना होत्या त्याहून जास्त चिडून परत येत. "आणखी दोन घरं गेली, सुजाता. एक इस्राएलला, एक ठाण्यापलीकडे. या वर्षी तीन शनिवार दहा झाले नाहीत."

दहाचा हिशोब त्यांनी मला तेव्हा सांगितला. त्यांच्याकडे एकत्र प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा नसले तर कपाटातला ग्रंथ बाहेर काढून वाचता येत नाही, गेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दीश म्हणता येत नाही. ज्याला त्याला आपापली प्रार्थना पुटपुटून घरी जावं लागतं.

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायका वर," त्या म्हणाल्या. "गॅलरीत."

एका रविवारी मी त्यांना आमच्या वस्तीतल्या विहारात नेलं होतं. आमचं विहार म्हणजे एक सभागृह, पत्र्याचं छत, पुढे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. वंदना माझ्या चुलत सासूबाई सांगत आणि पुढच्या रांगांत सगळ्या बायकाच. बाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरी परत निघालो, निम्मा रस्ता झाला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे मोजत नाहीत?"

"नाही. आले तेवढे."

"असं," म्हणाल्या, आणि चालण्याचा वेग वाढवला.

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी त्यांनी शाळेची सहल मुंबईला न्यायची ठरवली. मुख्याध्यापक नको म्हणत होते, पालक नको म्हणत होते. बाईंनी सगळ्यांना बोलून बोलून नमवलं. राणीची बाग, समुद्र, म्युझियम हे सगळं पोरांसाठी. बाईंसाठी एकच सकाळ. सातवीत चित्रं काढलेली ती पोरं तेव्हा नववीत होती. ललिताही होती.

आम्ही गल्लीत शिरलो तर सिनेगॉगच्या दारापुढे लोखंडी अडथळे, वाळूची पोती आणि बंदुकवाला पोलीस. बाई पुढे झाल्या.

"शाळेची मुलं आहेत. आत बघून पाच मिनिटांत बाहेर येतो."

"परवानगी?"

"कसली परवानगी? मी इथली आहे. माझं लग्न आत लागलंय."

"असंल बाई. पण आधी कळवायला लागतं. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं." पोलिसाचा सूर वाईट नव्हता. "तुम्ही एकट्या जा. पोरांना नाही सोडता येणार."

पोरांची ओळखपत्रं उतरायच्या जागी, दुसऱ्या शिक्षकांच्या बॅगेत. तिथेच राहणाऱ्या बाईंच्या पुतण्याचा, रूबेनचा, फोन लागेना. आतून राखणदार बाहेर आला, तो नवा होता, बाईंना ओळखेना. बाईंनी त्याला बापाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आतल्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत तिसऱ्या ओळीत आजोबांचं नाव मराठीत कोरलंय हेही सांगितलं. तो म्हणाला, "असेल ना. पण मी काय करू?"

पोरं समोरच्या फुटपाथवर उसाच्या रसाच्या गाड्याजवळ ओळीनं उभी होती. बाई रस्ता ओलांडून आल्या आणि हात मागे बांधून सुरू झाल्या, "आता समजा आपण आत गेलो..." तेवढ्यात एक टेंपो हॉर्न वाजवत अंगावर आला आणि त्यांचं बोलणं त्यात बुडालं.

ललिता म्हणाली, "मॅडम, राहू द्या न जी. आमाले आतलं सारं माहीत हाये. हे बाहिरचंच माहीत नव्हतं."

बाईंनी सगळ्यांना रस पाजला. स्वतः घेतला नाही. मला बाजूला घेऊन दातओठ खात म्हणाल्या, "सगळ्या जगापासून सांभाळून ठेवलंय, सुजाता. आणि आत कोण आहे? कुणी नाही!"

एकट्या त्या आत जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर तरी त्या मुलाकडे जातील असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच सुमारास सिनेगॉगच्या गॅलरीच्या तक्तपोशीला वाळवी लागल्याचं निघालं. पाय ठेवला की फळी दबायची. विश्वस्तांनी सभा बोलावली आणि ठरवत आणलं की गॅलरी कायमची बंद करावी, बायकांनी खाली मागच्या दोन बाकांवर बसावं, मध्ये जाळीचा पडदा. येतात तरी किती बायका?

बाई त्या सभेला मूलहून गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आमच्या ओसरीत बसून सांगितलं.

"मी उभी राहिले. म्हटलं, ठीक आहे. आम्ही खाली येतो. पण मग खाली बसतील तेवढ्या सगळ्यांना मोजायचं. अध्यक्ष माझ्या माहेरच्या ओळखीचे, लहानपणी एकत्र खेळलोय. ते म्हणाले, एस्तेर, ते आपल्या हातात नाही, तो धर्माचा नियम आहे. मी म्हटलं, बरं, गॅलरी तर हातात आहे ना? मग ती दुरुस्त करा. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

"मग?"

"मग काय! गॅलरी दुरुस्त करायची ठरली. बायकांना मोजण्यापेक्षा ते सोपं पडलं त्यांना." त्या हसल्या. ते हसणं काही हसण्यासारखं नव्हतं.

ठेकेदार म्हणाला, लोखंडी सांगाडा टाकू, वर प्लायवूड. बाई फोनवर ओरडल्या, सागवान. तो म्हणाला, सागवान आता मिळतं कुठे? हे त्यानं आलापल्लीत संसार केलेल्या बाईला विचारलं! दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि वैरागडेभाऊंना गाडीत घातलं आणि आम्ही आलापल्लीच्या डेपोत.

डेपोत लाकडाचे ढीग रांगेनं लागलेले, प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का. हसकेलसाहेबांच्या वेळचं कुणी उरलं नव्हतं. तरुण अधिकारी होता. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की लिलाव कालच झाला, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात गेलो तर लिलाव पुढे ढकललेला. त्यापुढच्या खेपेला आमच्या कामाचा ढीग भलत्यानंच घेतला. शेवटी बल्लारपूरच्या एका आरागिरणीवाल्यानं लिलावात माल उचलला, त्याच्याकडून विश्वस्तांनी तो कापून घेतला, आणि वाहतुकीचा पास मिळेपर्यंत ट्रक आठवडाभर उभा. बाई रोज बल्लारपूरला जात आणि ट्रककडे बघून परत येत.

लाकूड मुंबईला पोहोचलं आणि ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला. अख्खा पावसाळा फळ्या सिनेगॉगच्या अंगणात ताडपत्रीखाली. बाई शनिवार सोडून रोज सकाळी रूबेनला फोन करत, "झाकलंय का? कोपरे बघ. कोपऱ्यातनं पाणी जातं." वैरागडेभाऊ एकदा वैतागून म्हणाले, "बाई, इतके पावसाळे जंगलात उभंच होतं न ते. आता एका पावसानं का होते त्याले?"

"तेव्हा ते जिवंत होतं, भाऊ," बाई म्हणाल्या.



आणि तरी ती गॅलरी झाली. भांडून, रडून, तीनदा माप चुकून झाली. उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम रविवारी ठरला, पाहुणे, भाषणं, फोटो. पण खरी पहिली प्रार्थना आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी. बाई मला म्हणाल्या, "तू शनिवारी यायचं. रविवारी नाटक आहे." वैरागडेभाऊही आले. त्यांची मुलगी कल्याणला दिली होती, तिच्याकडे उतरले आणि सकाळी धुतलेली टोपी घालून हजर झाले. आमची नावं या वेळी बाईंनी महिनाभर आधी कळवून ठेवली होती.

मी आत पाय ठेवला आणि मला काहीच नवं वाटलं नाही. हंड्या, चौथरा, कपाटावरचा पडदा, सगळं भिंतीपलीकडून कितीदा ऐकलेलं. फक्त मान आपोआप धुराडं शोधत होती. बाई मला जिन्यानं वर घेऊन गेल्या. नव्या तक्तपोशीला आलापल्लीच्या डेपोचा वास होता. बाईंनी चप्पल काढून अनवाणी दोन येरझारा घातल्या, टाच आपटून पाहिली. कुठे आवाज नाही. त्या वळून माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

हळूहळू बायका आल्या. म्हाताऱ्या जास्त, दोन सुना, एक गरोदर मुलगी. चौदाजणी झाल्या. गॅलरी भरल्यासारखी दिसू लागली. खाली बाकांवर पुरुष येऊन बसले. बाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. सहा. सात. मग रूबेन, आठ.

प्रार्थनेची वेळ झाली. प्रार्थना चालवणारे म्हातारे गृहस्थ चौथऱ्यावर चढले, दाराकडे बघत उभे राहिले आणि पुन्हा खाली उतरले. दोघांनी नक्की यायचं कबूल केलं होतं. पण शनिवार. फोन करायचा नाही. समोर टेबलावर फोन असता तरी कुणी उचलला नसता. शेवटी रूबेन चालत निघाला त्यांना शोधायला. आम्ही वर बसून राहिलो. पंखे फिरत होते. गरोदर मुलीनं पाणी मागितलं. बाईंचे हात कठड्यावर, नजर दारावर.

रूबेन घामाघूम होऊन परत आला, एकटाच. एकाच्या घराला कुलूप, दुसऱ्याला ऑफिसला बोलावणं आलेलं.

खाली मागच्या बाकावर वैरागडेभाऊ बसले होते. त्यांनी शेजारच्याला विचारून घेतलं असावं काय अडलंय ते. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी बी तं तेलीच हाये जी. मले घ्या मोजून. मंग एकच कमी पडन."

खालचे पुरुष हसले. वरच्या बायकाही हसल्या. चौथऱ्याजवळच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. एस्तेरबाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि कठड्यावरून सरळ खाली बोलल्या. आवाज चढवावा लागला नाही. तिथे आवाज खालपर्यंत स्वच्छ जातो.

"वर चौदाजणी आहोत आम्ही."

खाली कुणी मान वर केली नाही. रूबेननं आपल्या बुटांकडे पाहिलं. ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "एस्तेर, बस, बाळा."

त्या सत्तरीला टेकलेल्या होत्या. त्या बसल्या.

मग ज्यानं त्यानं आपापली प्रार्थना म्हटली. कपाटाचा पडदा कुणी सारला नाही. त्यासाठी आठशे-नऊशे किलोमीटरवरून आलेल्या बाई पुस्तकात डोकं खुपसून बसल्या होत्या आणि पान एकच होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत उलटलं नाही.

रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात खुर्च्या, हार, कॅमेरे. एका पाहुण्यांनी वास्तूचं फार कौतुक केलं, भाषणात तिला दोनदा चर्च म्हणाले. गॅलरीचे फोटो निघाले. आणि पुरुष? सूट घातलेले, खिशात टोप्या ठेवलेले, वीस-पंचवीस तरी बाईंच्या समाजातले पुरुष होते. बाई एकेकापुढे जाऊन उभ्या राहत होत्या.

"काल कुठे होतास?"

"आंटी, काल हाफ डे होता ना."

"काल कुठे होतास तू?"

"आज आलोय ना, आंटी."

त्या तशाच अध्यक्षांकडे गेल्या. "आता आहेत सगळे. दहा मिनिटं द्या. भाषणं थांबवा, आपण रोजची प्रार्थना म्हणून घेऊ. इतके पुरुष पुन्हा कधी मिळणार?"

अध्यक्ष घड्याळ बघत होते. "एस्तेर, पाहुण्यांना निघायचंय. जेवण झाल्यावर बघू."

जेवण झाल्यावर अंगणात खुर्च्या उचलणारी पोरं होती आणि रूबेन होता.

बाई मूलला परतल्याच नाहीत. रूबेनकडे राहिल्या. पुढच्या शनिवारी अंधार पडल्याबरोबर मला त्यांचा फोन आला. मी विचारायच्या आतच ओरडल्या, "नऊ, सुजाता! नऊ!" आणि ठेवून दिला. नंतर एका शनिवारी दहा झाले, त्याचाही फोन आला, पण त्यात निम्मं बोलणं त्या दहातल्या एकाबद्दल होतं, तो मध्येच उठून गाडी काढायला गेला म्हणून. त्या वर्षी थंडी सुरू होताना त्या गेल्या. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत, मला निघायलाही वेळ मिळाला नाही. रूबेननं संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. चांगला मुलगा आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "माणसं खूप आली होती, मावशी. ठाण्याहून, पनवेलहून. पन्नासेक तरी पुरुष असतील. कद्दीश एकदम नीट झाली. दहाचा काही प्रश्नच आला नाही."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. ओट्यावर भाताचं पातेलं होतं, ते मी उचललं आणि असं आपटलं की शेजारच्या घरून विचारायला आले. काय सांगणार? त्या पन्नासांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते, आणि एकेकाच्या पुढ्यात जाऊन उभं राहावंसं वाटत होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या उद्घाटनाच्या रविवारी. माझी गाडी संध्याकाळची होती. टॅक्सी गल्लीतून वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. मांडव सुटत होता. बाई सिनेगॉगच्या दगडी पायरीवर बसल्या होत्या, चपला काढून शेजारी ठेवलेल्या, कानाला फोन. दुसऱ्या हातानं हवेत बोट नाचवत कुणाला तरी ठणकावत होत्या. टॅक्सी सिग्नलला थांबली आणि काच उघडी होती म्हणून ऐकू आलं.

"नाही, नाही, वर्गणी नको. वर्गणी ठेव तुझ्याजवळ. मला माणूस पाहिजे. शनिवारी सकाळी. तू नाही तर तुझा भाऊ पाठव... हॅलो? हॅलो?"

त्यांनी फोन कानापासून दूर धरला, चष्मा कपाळावर चढवला, आणि पुढचा नंबर लावायला घेतला.